जुलैमधला बॉयलर

तर मंडळी, ह्या शनिवारी थोडा कबुलीजबाब आणि बराचसा इतिहास.

अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरात जुलै महिन्यात दुपारी पस्तीसच्या आसपास तापमान असतं. हवा आपल्या मुंबईच्या मे महिन्यासारखी चिकट. अशा महिन्यात तिथल्या एखाद्या ऑफिस बिल्डिंगने खोल्या गरम करण्यासाठी गॅस जाळला, तर तुम्ही काय म्हणाल? मी म्हणालो, बग आहे.

म्हणालो नाही, कोडच लिहिला. त्या वेळी मी ज्या टीममध्ये होतो, तिचं काम असं : इमारतींच्या ऊर्जेचं सिम्युलेशन करणारे इंजिनियर एनर्जीप्लस नावाच्या प्रोग्रॅममधून वर्षभराचे तासातासाचे आकडे काढायचे, आणि आमचं टूल ते आकडे वाचून काही वेडंवाकडं दिसलं की लाल शेरा मारायचं. मी कॉम्प्युटरवाला. मेकॅनिकलशी संबंध फर्स्ट इयरच्या वर्कशॉपपुरता. पण जुलैमध्ये हीटिंग चालू असणं चूक आहे हे कळायला डिग्री कशाला लागते? चार ओळींचा चेक लिहिला. उन्हाळ्याचे तीन महिने, गरम प्रदेश, आणि खोल्या तापवण्याची ऊर्जा शून्यापेक्षा जास्त, तर एरर. टेस्ट पास, रिलीज, चहा.

महिन्याभराने आमच्या टीममधल्या मेकॅनिकलच्या सरांनी (वीसेक वर्षं एसीच्या डक्टमध्ये घालवलेला माणूस) मला खुर्चीसकट त्यांच्या स्क्रीनपुढे ओढलं.

"हे बघ. सगळे चेक हिरवे आहेत ना?"

"हो सर."

"आता खोल्यांचं तापमान बघ. जुलै. भर दुपारी."

सतरा अंश. पश्चिमेकडच्या खोल्या ठीक होत्या, पण आतल्या आणि उत्तरेच्या खोल्यांत लोक कुडकुडत होते. म्हणजे सिम्युलेशनमधले लोक. झालं असं होतं की मॉडेल बनवणाऱ्याला माझा लाल शेरा मिळाला. डेडलाइन डोक्यावर. त्याने मे ते सप्टेंबर बॉयलरचं शेड्यूल शून्य करून टाकलं. शेरा हिरवा झाला, ऊर्जेचं बिलही कमी दिसायला लागलं, आणि रिपोर्ट पुढे गेला.

"अरे, बग मॉडेलमध्ये नव्हता," सर म्हणाले. "तुझ्या चेकमध्ये होता. जुलैमध्ये बॉयलर लागतो. का लागतो ते शोध, मग मला येऊन सांग."

तर पुढे जे लिहितोय ते त्या शोधाचं फळ. रिपोर्टचं पुढे काय झालं ते शेवटी.

सुरुवात करायची ती १९०२ पासून. ब्रुकलिनमध्ये सॅकेट-विल्हेल्म्स नावाचा छापखाना होता. रंगीत छपाई करायचा, 'जज' नावाचं मासिक तिथे छापलं जायचं. रंगीत छपाईत तोच कागद मशीनमधून प्रत्येक रंगासाठी पुन्हा जातो. न्यूयॉर्कच्या उन्हाळ्यात हवेतला दमटपणा सकाळी एक, संध्याकाळी एक. कागद ओल शोषून फुगायचा, मग आक्रसायचा, आणि लाल रंग निळ्याच्या शेजारी बसायचा सोडून भलतीकडे बसायचा. बफेलो फोर्ज नावाच्या कंपनीकडे हे दुखणं गेलं आणि तिथे आदल्याच वर्षी कॉर्नेलमधून पास होऊन लागलेल्या पंचवीस वर्षांच्या विलिस कॅरियरकडे ते आलं. त्याच्या ड्रॉइंग्जवर तारीख आहे १७ जुलै १९०२. आधुनिक एसीचा वाढदिवस म्हणून हीच तारीख सांगतात. (योगायोग बघा, जुलैच!)

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी, कारण पुढचा सगळा गोंधळ तिच्यातून निघतो. कॅरियरला माणसांना गार करायचं नव्हतं. त्याला कागदासाठी आर्द्रता ठरावीक ठेवायची होती. ५५ टक्के, वर्षभर. आणि हवेतलं पाणी काढायचा हुकमी मार्ग म्हणजे हवा इतकी थंड करायची की ती ओल धरूच शकणार नाही, पाणी सुटेल. फ्रीजमधून काढलेल्या बाटलीवर थेंब जमतात तसं. थंड हवेत पाणी कमी मावतं. १३ अंशाला एक किलो हवेत जास्तीत जास्त सव्वानऊ ग्रॅमच्या आसपास वाफ मावते. तीच हवा पुढे २४ अंशांपर्यंत तापवली तर वाफ तेवढीच राहते, पण आता तिची क्षमता दुप्पट झालेली असते, म्हणून सापेक्ष आर्द्रता बरोबर ५० टक्क्यांच्या आसपास येते. म्हणजे काय, आधी किती थंड करायचं ते ठरवा, की आर्द्रता ठरली. मग हवं तेवढं तापवा.

कॅरियरने पुढे हाच विचार पक्का केला. गोष्ट अशी सांगतात की १९०२ च्या शेवटी पिट्सबर्गच्या स्टेशनवर धुक्यात गाडीची वाट बघताना त्याला सुचलं की धुकं म्हणजे पूर्ण भिजलेली हवा, आणि तिचं तापमान आपल्या हातात असेल तर ओलही हातात येते. पाण्याच्या फवाऱ्यातून हवा नेणाऱ्या यंत्राचं पेटंट त्याला १९०६ च्या जानेवारीत मिळालं. १९११ मध्ये त्याने अमेरिकन मेकॅनिकल इंजिनियरांच्या संस्थेपुढे दमट हवेच्या सूत्रांवरचा निबंध वाचला. एसीवाले ज्या सायक्रोमेट्रिक चार्टवर आजही बोट ठेवून हिशेब करतात, त्याचं मूळ तिथलं. 'एअर कंडिशनिंग' हा शब्द मात्र त्याचा नाही. तो १९०६ मध्ये स्टुअर्ट क्रेमर ह्या कापड गिरण्यांच्या इंजिनियरने काढला. त्यालाही माणसांची नाही, सुताची काळजी होती. कोरड्या हवेत धागा तुटतो. आपल्या गिरणगावातसुद्धा गिरण्यांमधली हवा मुद्दाम दमट ठेवायचे ती ह्याच कारणासाठी.

तर थंड करून परत तापवणं, ज्याला इंग्रजीत रीहीट म्हणतात, हे एसीला नंतर चिकटलेलं व्यंग नाही. ते जन्मापासूनच बरोबर आहे. (सरकारी मराठीत 'पुनर्तापन' वगैरे होईल. मी आपलं रीहीटच म्हणतो.)

मग मोठ्या ऑफिस बिल्डिंगा आल्या. न्यूयॉर्कचं लीव्हर हाउस १९५२ चं, सीग्रॅम बिल्डिंग १९५८ ची. काचेच्या भिंती, न उघडणाऱ्या खिडक्या, आणि छताला ट्यूबलाइटांच्या रांगा. अशा इमारतीची गंमत अशी की तिचे दोन स्वभाव असतात. मधल्या भागाला ना ऊन ना वारा, तिथे माणसं, दिवे आणि यंत्रं ह्यांची उष्णता बारा महिने साठते, म्हणून जानेवारीतही थंडावा लागतो. कडेच्या खोल्यांना सकाळी पूर्वेचं ऊन, संध्याकाळी पश्चिमेचं, आणि हिवाळ्यात काचेतून येणारी थंडी. एकाच क्षणी एका खोलीला गार हवं, दुसरीला गरम.

पन्नास-साठच्या दशकांत इंजिनियरांनी ह्यावर जे उत्तर काढलं ते आपल्या भाषेत सांगायचं तर 'ब्रूट फोर्स'. तळघरात किंवा गच्चीवर एक मोठं यंत्र. ते सगळ्या इमारतीसाठी हवा १३ अंशांना थंड करणार. का १३? कारण सर्वात जास्त तापलेल्या खोलीला तेवढी थंड हवा लागते, शिवाय ओल काढायलाही तेवढंच लागतं. ही हवा प्रत्येक खोलीला ठरलेल्या प्रमाणात, कधीही कमी न होता, जाणार. आणि ज्या खोलीला एवढं गार नको असेल तिच्या दाराशी डक्टमध्ये गरम पाण्याची एक कॉइल. भिंतीवरचा थर्मोस्टॅट ती कॉइल उघडतो.

म्हणजे एसी सोळावर ठेवायचा आणि खोलीत शेगडी पेटवायची. हसू नका, सिस्टिम उत्तम चालायची. प्रत्येक खोलीचं तापमान अर्ध्या अंशात. आर्द्रता आटोक्यात. ताजी हवा भरपूर. कंट्रोल इतका सोपा की बिघडायला काही नाही. फक्त बाहेर काहीही असो, थंड करणारं यंत्र आणि बॉयलर दोघं एकमेकांविरुद्ध दिवसभर कुस्ती खेळत. पण तेल आणि गॅस स्वस्त होते. कोणाला पडलीये?

१९७३ च्या ऑक्टोबरात पडली. अरब देशांनी तेल अडवलं आणि बॅरलची किंमत काही महिन्यांत तीन डॉलरच्या आसपासवरून बारा डॉलरच्या जवळ गेली. एसी इंजिनियरांची संस्था ॲश्रे हिने १९७५ मध्ये ९०-७५ नावाचं मानक काढलं. नव्या इमारतींनी ऊर्जा किती जपून वापरावी ह्याचं अमेरिकेतलं हे पहिलं मोठं मानक, आणि त्यात एकाच वेळी थंड आणि गरम करण्यावर बंधनं आली. आता थांबा, इथे मला सगळ्यात आवडलेला किस्सा आहे.

१९७९ मध्ये दुसरं तेलसंकट आलं. अध्यक्ष कार्टर ह्यांनी जुलैपासून (पुन्हा जुलै!) सार्वजनिक आणि व्यापारी इमारतींना हुकूम दिला : उन्हाळ्यात थर्मोस्टॅट ७८ फॅरनहाइटच्या खाली नाही, म्हणजे आपले साडेपंचवीस अंश, आणि हिवाळ्यात ६५ च्या वर नाही. कॉमन सेन्स. उन्हाळ्यात कमी थंड केलं तर वीज वाचते. घरच्या एसीत वाचते. पण वर सांगितलेल्या रीहीटच्या इमारतीत थर्मोस्टॅट थंड करणाऱ्या यंत्राला जोडलेलाच नाही! तो जोडलाय गरम कॉइलला. तुम्ही तो २४ वरून २५.५ केला की तो मुकाट्याने तीच १३ अंशांची हवा जास्त तापवायला लागतो. देशाचं तेल वाचवायला म्हणून काटा फिरवायचा आणि खाली बॉयलर जास्त जळणार. अशा एकाच वेळी गरम-थंड करणाऱ्या यंत्रणांसाठी नियमावलीत वेगळी तरतूद ठेवावी लागली. पुढे रेगन आले आणि त्यांनी १९८१ च्या फेब्रुवारीत हे निर्बंध काढूनच टाकले.

हे वाचताना मला माझ्या चार ओळी आठवल्या. कार्टरसाहेबांच्या हुकमात आणि माझ्या चेकमध्ये फरक एवढाच की त्यांच्या लोकांना आधीच कोणीतरी सांगितलं होतं.

तेलाच्या धक्क्यानंतर जी यंत्रणा सगळीकडे पसरली ती व्हीएव्ही. साठच्या दशकात ती होतीच, पण आता तिला दिवस आले. कल्पना सरळ आहे. हवेचं तापमान तेच ठेवा, पण प्रमाण बदला. खोलीच्या दाराशी एक डबा, त्यात एक झडप. खोली गार झाली की झडप मिटते, हवा कमी जाते. थंड करून परत तापवायची गरजच नाही. पंख्याची वीजही वाचते. संपला प्रश्न?

नाही. कारण झडप पूर्ण मिटता येत नाही. त्या हवेतूनच माणसांना श्वासाची ताजी हवा मिळते. म्हणून प्रत्येक डब्याला एक 'मिनिमम' ठरवलं गेलं, आणि मानकात परवानगी म्हणून एक आकडा बसला : खोलीच्या जास्तीत जास्त हवेच्या ३० टक्के. इतपत हवा तापवायला हरकत नाही. म्हणजे रीहीट घराबाहेर काढलं खरं, पण त्याने मागच्या दाराने येऊन ओसरीवर पथारी टाकली.

त्यात हवेच्या बाजूने दुसरी ओढ. ताज्या हवेचं मानक वेगळं, ॲश्रे ६२. त्याच्या १९७३ च्या आवृत्तीत किमान आणि शिफारशीचे असे दोन आकडे होते. ऊर्जावाल्यांनी ९०-७५ मध्ये त्यातला किमान उचलला. १९८१ च्या आवृत्तीत सिगरेट न ओढणाऱ्या ऑफिसात माणशी मिनिटाला ५ घनफूट बाहेरची हवा पुरेशी धरली. इमारती घट्ट बंद झाल्या, आणि ऐंशीच्या दशकात 'सिक बिल्डिंग सिंड्रोम' हा शब्द ऑफिसांत ऐकू येऊ लागला. डोळे चुरचुरणं, डोकं दुखणं, घरी गेलं की बरं वाटणं. १९८९ मध्ये ऑफिससाठी तो आकडा थेट माणशी २० घनफूट झाला. चौपट. माझ्या मते बरोबरच झालं. पण डब्याच्या मिनिममवर त्याचा भार पडला, आणि तिथे आलेली प्रत्येक जादा थंड हवा कोणीतरी तापवायची होती. एक समिती ऊर्जा वाचवत होती, दुसरी माणसं. दोघी बरोबर, आणि बॉयलर जुलैत चालू. आपल्याकडे दोन मॉड्यूल आपापल्या जागी करेक्ट असतात आणि जोडले की सिस्टिम हँग होते, तसं.

आता सिम्युलेशनकडे येऊ, कारण हा आमच्या गल्लीतला विषय.

हे सगळं हाताने मोजता येत नाही. दर तासाला ऊन बदलतं, माणसं येतात-जातात, भिंती उष्णता साठवून रात्री सोडतात. साठच्या दशकात अमेरिकेच्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये तमामी कुसुदा नावाचे एक शास्त्रज्ञ होते. त्यांची सुरुवात झाली अणुहल्ल्यापासून लपायच्या तळघरांपासून! बंद तळघरात माणसं कोंडली तर उष्णता आणि दमटपणा किती वाढेल ह्याचं गणित १९६४-६५ च्या सुमारास त्यांनी कॉम्प्युटरवर घातलं. त्याच वाटेने पुढे एनबीएसएलडी नावाचा प्रोग्रॅम आला. अमेरिकेच्या पोस्ट खात्यानेही आपल्या इमारतींसाठी तासातासाचं गणित करणारा एक प्रोग्रॅम बनवून घेतला. १९७० मध्ये इमारतींसाठी कॉम्प्युटर ह्या विषयावरची पहिली परिषद मेरीलँडमध्ये गेथर्सबर्गला भरली, तीही कुसुदांच्याच पुढाकाराने. तेलसंकटानंतर सरकारी पैसा आला. सैन्याच्या इंजिनियरांनी ब्लास्ट काढला, आणि बर्कलीच्या प्रयोगशाळेने डीओई-२.

डीओई-२ ची रचना मला फार ओळखीची वाटली. चार टप्पे, एकामागून एक. लोड्स, सिस्टिम्स, प्लँट, इकॉनॉमिक्स. पहिला टप्पा खोलीचं तापमान स्थिर धरून वर्षभराची उष्णता मोजतो. ते आउटपुट दुसऱ्याला इनपुट, तो यंत्रणा चालवतो. तिसरा बॉयलर-चिलर, चौथा पैसे. शुद्ध पाइपलाइन. त्या काळच्या मशीनवर दुसरं शक्यही नव्हतं. पण मागे वळून सांगायची सोय नाही. प्लँटला बॉयलर अपुरा आहे असं कळलं, तरी खोलीपर्यंत थंडी पोचत नाही, ती वेळ केव्हाच निघून गेलेली असते.

एनर्जीप्लसचं काम १९९६ मध्ये सुरू झालं आणि २००१ च्या एप्रिलमध्ये पहिली आवृत्ती आली. डीओई-२ आणि ब्लास्ट ह्या दोघांचं शहाणपण घेऊन, पण खोली, यंत्रणा आणि बॉयलर एकत्र सोडवणारी. तासाचेही तुकडे पाडून. बॉयलर बंद केलात तर त्याच क्षणी खोली गार होते. माझ्या चेकची लबाडी उघडी पडली ती ह्याच गुणामुळे. सरांनी तापमानाचा कॉलम उघडला आणि तिथे सतरा अंश लिहिलेले होते.

आता ते सतरा आले कुठून? सरांनी मला कागदावर मांडायला लावलं. तुम्हालाही मांडून दाखवतो, पाच मिनिटं लागतात.

एका खोलीला ड्रॉइंगप्रमाणे जास्तीत जास्त हवा सेकंदाला ५०० लिटर. मिनिमम ३० टक्के, म्हणजे १५० लिटर. हवा १३ अंशांची. खोली २१ च्या खाली जाऊ द्यायची नाही. सेकंदाला एक घनमीटर हवा एक अंशाने तापवायला १.२ किलोवॅट लागतात, म्हणजे ही १५० लिटर हवा १३ वरून २१ पर्यंत चढताना खोलीतून १.४४ किलोवॅट उष्णता उचलणार. खोलीत तीन-चार माणसं, त्यांचे कॉम्प्युटर आणि दिवे मिळून समजा ०.७ किलोवॅट. उरलेले ०.७४ कोण देणार? बॉयलर. जुलै असो की जानेवारी. बॉयलर बंद केलात तर भिंतींचं सोडून दिलं तरी खोली तेवढीच तापणार जेवढी ०.७ किलोवॅटमध्ये तापते, म्हणजे १३ वर जेमतेम चार अंश. सतरा.

इथपर्यंत आल्यावर मी सरांना म्हटलं, "म्हणजे मॉडेल बरोबर आहे. माझा चेक काढून टाकतो."

"थांब. ५०० लिटर आले कुठून?"

हा खरा प्रश्न होता आणि मी तो विचारलाच नव्हता. ड्रॉइंगवाल्याने हवा ठरवताना प्रत्येक टेबलावरच्या यंत्राची नेमप्लेटवरची वॅट धरली होती. कॉम्प्युटर नेमप्लेटवर लिहिलंय त्यापेक्षा बरीच कमी वीज खातो हे माझ्यासारख्या माणसाला तरी माहीत असायला हवं. वर 'सेफ्टी' म्हणून आणखी थोडं. खरी गरज निम्मी होती, २५० लिटर. आता मघाचं गणित परत करा. मिनिमम ७५ लिटर, उचललेली उष्णता ०.७२ किलोवॅट, खोलीत आहेत ०.७. रीहीट गायब!

म्हणजे बघा, कोणीतरी कडक उन्हाच्या एका दिवसासाठी भीतीपोटी हवा दुप्पट धरली. मिनिमम त्या आकड्याचा टक्का असल्यामुळे तोही दुप्पट झाला. आणि ती एका दिवसाची भीती वर्षाचे सगळे दिवस गॅस जाळत बसली. वरून चिलरलाही ती हवा थंड करण्याचं काम दुप्पट. आकडा खोटा नव्हता. इमारत तशीच बांधली असती तर तिने खरोखर जुलैत गॅस जाळला असता. सिम्युलेशन तेच ओरडून सांगत होतं आणि मी त्याचं तोंड बंद केलं होतं.

दुसरी किल्ली हवेच्या तापमानाची. ज्या दिवशी कुठल्याच खोलीला १३ ची गरज नाही त्या दिवशी १६ ची हवा द्या. तेच १५० लिटर धरले तरी रीहीट ०.७४ वरून ०.२ वर येतं. ह्यूस्टनमध्ये मात्र हे जपून, नाहीतर ओल सुटणार नाही आणि कॅरियरचा कागद पुन्हा फुगेल.

ह्या ३० टक्क्यांच्या आकड्याचं पुढे काय झालं तेही सांगून टाकतो. तो खाली आणायला लोक घाबरायचे. एक भीती अशी की झडप इतकी मिटली तर डब्यातलं मोजमाप चुकेल. दुसरी अशी की थंड हवा छताला न चिकटता धपकन डोक्यावर पडेल आणि तक्रारी येतील. कॅलिफोर्नियाने २००८ च्या ऊर्जा नियमांत डिजिटल कंट्रोलच्या डब्यांसाठी मधल्या स्थितीतलं मिनिमम २० टक्क्यांवर आणलं. मग बर्कली विद्यापीठाच्या लोकांनी ॲश्रेच्या पैशाने तिथल्या चालू ऑफिसांत मिनिमम १०-२० टक्क्यांपर्यंत खाली नेऊन माणसांनाच विचारलं, आता कसं वाटतंय? ऊर्जा वाचली हे ठीकच. पण उन्हाळ्यात थंडी वाजते ही तक्रार कमी झाली! म्हणजे इतकी वर्षं उन्हाळ्यात शाल पांघरून बसणाऱ्या बायका (आणि स्वेटर लपवून आणणारे पुरुष) खरंच बोलत होत्या. बॉयलर सगळीकडे पुरा पडत नव्हता, आणि जिथे मिनिमम जास्त होतं तिथे खोली गारठत होती. आपल्याकडच्या आयटी पार्कांत तर बहुतेक ठिकाणी रीहीटच नसतं. तिथे मे महिन्यात जॅकेट लागतं ते उघडउघड लागतं, कोणी गॅस जाळून ते झाकत नाही इतकंच.

आणखी एक आकडा. २०१८ मध्ये त्याच बर्कलीच्या मंडळींनी ११ हजार चौरस मीटरच्या एका इमारतीतले वर्षभराचे मिनिटामिनिटाचे आकडे तपासले. बॉयलरमध्ये जाळलेल्या गॅसपैकी खोल्यांना उपयोगी पडलेलं रीहीट किती? २१ टक्के. बाकी बॉयलरमध्ये, लांबलचक पाइपांत आणि नीट न मिटणाऱ्या व्हॉल्व्हांतून गेलं. सिम्युलेशनमध्ये पाइप सहसा गळत नाहीत आणि व्हॉल्व्ह मिटला म्हणजे मिटतो. त्यामुळे आमच्या ०.७४ किलोवॅटला त्या इमारतीच्या हिशेबाने साडेतीन किलोवॅटचा गॅस लागला असता, आणि हे कुठल्याच कॉलममध्ये दिसलं नसतं.

आता रिपोर्ट. क्लायंटला मेल गेली, सरांनीच लिहिली, माझं नाव न घेता. बॉयलर परत चालू केलेलं मॉडेल आणि दोन पानी टीप, की जुलैचा गॅस खरा आहे आणि तो अमुक खोल्यांच्या अमुक आकड्यांमुळे आहे. तिकडच्या डिझाइनरने दोन दिवस वाद घातला, मग यंत्रांचे वॅट बदलून दिले. नव्या रनमध्ये जुलैचं हीटिंग बरंच उतरलं, शून्य नाही झालं. दोन मीटिंग रूममध्ये ताज्या हवेसाठीच तेवढं मिनिमम लागत होतं, तिथे इलाज नव्हता.

माझा चेक मी काढला नाही. तो आता एरर देत नाही, इशारा देतो, आणि त्याच्याबरोबर तीन कॉलम छापतो : खोलीची जास्तीत जास्त हवा, मिनिममच्या वेळची हवा, आणि बॉयलरचं शेड्यूल कुठे शून्य केलंय का ते. तिसरा कॉलम घालताना सर मागे उभे होते. म्हणाले, "हा तुझ्यासाठी."

असो. पाऊस थांबलाय, कांदाभजी खाली मागवलीत, ती गार व्हायच्या आत निघतो. गार झाली तर रीहीट आहेच :)